ओरखड्यामागचं हत्यार, आणि त्या हत्यारामागचं हत्यार

टूलरूममध्ये काही वर्षं काढली की एक सवय लागतेच, हातात कुठलाही धातूचा तुकडा आला की तो आधी उजेडाकडे तिरपा धरून बघायचा. वरच्या रेघा बघितल्या की कळतं हा लेथवर फिरवलाय, मिलिंगवर काढलाय की ग्राइंडिंग केलंय, फीड, म्हणजे टूल किंवा तुकडा पुढे सरकण्याचा वेग, साधारण किती होता, आणि टूलची धार शाबूत होती की एका जागी टवका उडाला होता. टवका उडालेला असला की जॉबवर, म्हणजे घडवल्या जाणाऱ्या तुकड्यावर, ठरावीक अंतराने तीच रेघ पुन्हा पुन्हा उमटत जाते. ती एकदा दिसली की मग दिसतच राहते.

या सवयीमुळेच मी टूलमार्क या विषयात ओढला गेलो. म्हणजे गुन्ह्याच्या जागी दारावर, कुलपावर, तिजोरीवर, तारेवर जी खूण राहते ती कुठल्या हत्याराने झाली हे शोधून काढण्याचं शास्त्र. पेपरात आपण रोज वाचतो, कडी-कोयंडा उचकटून चोरी, कटावणीने दार फोडलं, आणि पुढच्या बातमीकडे जातो. पण त्या उचकटलेल्या चौकटीच्या लाकडात कटावणीच्या टोकाची रुंदी उमटलेली असते, कोपरा झिजलेला असला तर तोही उमटलेला असतो, आणि धातूच्या पट्टीवर ते टोक घसरलं असेल तर त्याच्या कडेच्या बारीक बारीक खाचांनी एकमेकींना समांतर अशा शेकडो रेघा ओढलेल्या असतात.

खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या. एक दाबाची, हातोडा आपटला किंवा कटावणीचं टोक लाकडात रुतलं की त्याचा ठसा बसतो, साच्यात बसावा तसा. दुसरी घसटीची, हत्यार दाबून सरकलं की रेघा. कात्री, पक्कड, बोल्ट कटर यांच्या खुणा मुळात घसटीच्याच, कारण पातं धातूत शिरताना कापलेल्या तोंडावरून घासत जातं. मला स्वतःला घसटीच्या खुणा जास्त भारी वाटतात कारण तिथे हत्याराची धार अक्षरशः स्वतःचा आलेख काढत जाते, धारेवरचा उंचवटा खाली चर पाडतो आणि धारेवरची खाच खाली बारीक कणा, म्हणजे उंच रेघ, सोडून जाते.

आता मुद्दा असा की धारेवर त्या खाचा आल्या कुठून? इथे माझ्यासारख्या माणसाचं डोकं लगेच उलट्या दिशेने चालायला लागतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कुणीतरी कशाने तरी घासलंय ना. ग्राइंडिंग व्हील बघा, त्यात हजारो कण असतात, काम करता करता ते झिजतात, तुटतात, गळून पडतात आणि खालचे नवे वर येतात, त्यामुळे एका टोकावर व्हीलने जे खरवडलं ते पुढच्या टोकावर जसंच्या तसं कधी येत नाही. मग ते टोक वापरात येतं, कुठे आपटतं, कुणी त्याने डब्याचं झाकण उघडतं, कुणी छिन्नीसारखं ठोकतं, आणि धार आणखी वेगळी होत जाते. म्हणजे गुन्ह्याच्या जागची खूण ही हत्याराची, आणि हत्याराच्या धारेवरची खूण त्याला घडवणाऱ्या मशीनची आणि त्याला वापरणाऱ्या हातांची. या साखळीतली मागची कडी लोक विसरतात असं मला फार वाटतं आणि हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच.

ही मागची कडी वाचणाऱ्यांमधला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे आर्थर कोहलर. पोलीस नव्हता, लाकडाचा तज्ज्ञ होता, अमेरिकेत मॅडिसनला सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे तिथे काम करायचा. १ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीतल्या होपवेल इथून विमानवीर चार्ल्स लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाला पळवून नेलं आणि नंतर ते मूल मेलेलं सापडलं. घराजवळ एक शिडी टाकून दिलेली मिळाली, तीन तुकड्यांची, हाताने बनवलेली. कोहलरने ती शिडी पूर्ण खोलली, प्रत्येक पट्टीला आणि पायरीला नंबर दिला, आणि प्रत्येक भाग भिंगाखाली घेतला.

शिडीतल्या काही पट्ट्या पाइनच्या होत्या आणि त्या कारखान्यातल्या प्लेनरमधून रंधून निघालेल्या. प्लेनर म्हणजे फिरणाऱ्या दंडावर पाती बसवलेली असतात आणि लाकूड खालून सरकत जातं, प्रत्येक पातं लाकडावर एक बारीकशी लाट सोडतं, हातानेही जाणवणार नाही इतकी. आता एखादं पातं बाकीच्यांपेक्षा केसभर वर-खाली बसलं असेल तर त्याची लाट वेगळी दिसते आणि दंडाचा एक फेरा पूर्ण झाला की तीच वेगळी लाट परत येते. दोन वेगळ्या लाटांच्या मधल्या लाटा मोजल्या की दंडावर किती पाती होती ते कळतं! कोहलरने तेच केलं, रुंद बाजूंना आठ पाती आणि कडांना सहा पाती असं उत्तर आलं, आणि एका फेऱ्यात लाकूड किती सरकलं यावरून फीडचा वेगही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही काढून आकृती काढत बसलो होतो कारण टूल बसवण्यातली चूक जॉबवर कशी उतरते हे आम्ही रोज बघतो, पण मशीन समोर नसताना नुसत्या जॉबवरून मशीन उभं करायचं म्हणजे काय हे तेव्हा कळलं.

मग त्याने दीड हजारांहून जास्त मिल्सना पत्रं पाठवली, तुमच्याकडे असा प्लेनर आहे का. असं मशीन असलेल्या मिल्स निघाल्या पंचवीसेक. त्यांच्याकडून नमुने मागवले, बघितले, आणि शेवटी साउथ कॅरोलिनामधल्या मॅककॉर्मिक गावच्या डॉर्न मिलवर येऊन थांबला. तिथेही काम संपलं नाही, कारण त्या मिलने मध्यंतरी पुली बदलली होती आणि त्याने फीडचा वेग बदलला होता, त्यामुळे कुठल्या काळात रंधलेलं लाकूड शिडीशी जुळू शकतं हेही ठरवता आलं. त्या काळातला माल जिथे जिथे गेला त्या वखारी एकेक करून पालथ्या घातल्या आणि १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली एक वखार सापडली, जिथल्या लाकडावर नेमक्या त्याच पात्यांच्या खुणा होत्या. पण तिथे रोखीचा व्यवहार, गिऱ्हाइकांची नोंदच नाही. माग तिथेच तुटला.

पुढे सप्टेंबर १९३४ मध्ये खंडणीच्या नोटांवरून ब्रुनो हाउप्टमान नावाचा सुतार पकडला गेला, आणि त्याने त्याच वखारीतून लाकूड घेतलेलं होतं, तिथे कामही केलेलं होतं. त्याच्या घराच्या माळ्यावरच्या जमिनीतली एक फळी अर्धवट कापलेली, आणि शिडीतली सोळा नंबरची पट्टी तिथे ठेवली की तिच्यातली चौकोनी खिळ्यांची चार भोकं खालच्या वाशांतल्या भोकांवर बरोबर बसत होती. त्याच्या गॅरेजमध्ये हातरंधाही मिळाला. त्या रंध्याच्या पात्याला ठिकठिकाणी बारीक टवके होते आणि शिडीच्या काही भागांवर त्याच टवक्यांच्या रेघा. कोहलरने भर कोर्टात शिकंज्यात लाकूड धरून तो रंधा मारून दाखवला आणि त्या रेघांवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून त्यांची छाप ज्युरीला दाखवली. हाउप्टमानला शिक्षा झाली, १९३६ मध्ये ती अमलात आली, आणि त्या खटल्यातल्या इतर पुराव्यांवर लोक आजही वाद घालतात. मला त्या वादात शिरायचं नाही. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की कोहलरकडे दीड वर्षाहून जास्त काळ कुणी संशयित नव्हता, कुठलं हत्यार समोर नव्हतं, त्याने खुणेवरून मशीन शोधलं, आणि संशयित नंतर आला. बहुतेक केसमध्ये याच्या बरोब्बर उलट असतं, माणूस आधी पकडला जातो, त्याच्या पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर येतो आणि तज्ज्ञाला विचारलं जातं, हाच का?

तर हाच का हे कसं ठरवतात ते थोडक्यात सांगतो.

पहिला आणि सगळ्यात पक्का नियम, सापडलेलं हत्यार गुन्ह्याच्या जागी खुणेत घालून बघायचं नाही. मोह फार होतो, कटावणी हातात आहे, दारातली खाच समोर आहे, बसते का बघू. पण बसवून बघितलं की खुणेत नवी खूण होते, हत्याराला चिकटलेला रंग-लाकूड गळून जातं नाहीतर दाराचा रंग हत्याराला लागतो, आणि मग आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आधी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि उजेड तिरपा टाकून, मग चिकटलेले रंगाचे कण वगैरे गोळा करायचे, मग शक्य असेल तर तो तुकडाच कापून न्यायचा आणि नसेल तर सिलिकॉनचा साचा घ्यायचा, मायक्रोसिल नावाचं मटेरियल यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात, काही मिनिटांत सेट होतं आणि बारीकातली बारीक रेघ उचलतं. हत्याराचं टोक वेगळं झाकून पॅक करायचं.

लॅबमध्ये त्या संशयित हत्याराने नव्या खुणा करतात, बहुतेक वेळा आधी शिशावर. शिसं मऊ, त्यामुळे रेघा छान उमटतात आणि हत्याराच्या धारेला काही होत नाही. मग ती शिशावरची खूण आणि गुन्ह्याच्या जागची खूण कंपॅरिझन मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवतात. हा म्हणजे दोन मायक्रोस्कोप एका पुलाने जोडलेले, बघणाऱ्याला एकाच गोलात डावीकडे एक वस्तू आणि उजवीकडे दुसरी, मध्ये पुसटशी सीमारेषा. १९२५ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये फिलिप ग्रॅव्हेलने तो गोळ्या तपासण्यासाठी बनवला आणि कॅल्व्हिन गोडार्डने त्याला नाव मिळवून दिलं. १९२९ मध्ये शिकागोत सात जणांना गोळ्या घातल्या ती व्हॅलेंटाइन डेची केस, त्यात गोडार्डने आधी पोलिसांच्या बंदुका तपासून त्यांना बाजूला काढलं आणि नंतर सापडलेल्या दोन थॉम्पसन गन्सशी गोळ्या जुळवल्या. बंदुकीची नळी हे शेवटी गोळीवर घासणारं हत्यारच आहे, त्यामुळे हे दोन्ही विषय एकाच घरातले.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते, कोन. तोच स्क्रू ड्रायव्हर तुम्ही उभा धरून ओढलात आणि आडवा धरून ओढलात तर धारेचा वेगळा भाग घासतो आणि रेघा पार वेगळ्या येतात. टोकाच्या दोन बाजू तर दोन वेगळी हत्यारं असल्यासारख्याच वागतात. आयोवातल्या एम्स लॅबोरेटरीच्या संशोधकांनी एकामागून एक तयार झालेले ५० स्क्रू ड्रायव्हर घेऊन वेगवेगळ्या कोनांत खुणा केल्या आणि कॉम्प्युटरला जुळवायला दिल्या, २०१० मध्ये ते छापून आलं, त्यातही हेच दिसलं की कोन जवळपास सारखा असेल तरच त्याच टोकाच्या खुणा जुळतात. म्हणजे जुळत नाही म्हणून ते हत्यार नव्हेच असंही पटकन म्हणता येत नाही, आधी सगळे कोन करून बघावे लागतात.

हे सगळं वाचून झाल्यावर मला राहवलं नाही. कामाच्या जागी इन्स्पेक्शनला स्टीरिओ मायक्रोस्कोप आहे, शिशाचा पत्रा आणला, एकाच खोक्यातले एकाच कंपनीचे पाच चपटे स्क्रू ड्रायव्हर घेतले आणि सुटीच्या वेळात खुणा करायला लागलो. कोन सारखा राहावा म्हणून एक छोटं फिक्स्चर बनवलं. प्रत्येक खुणेचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर दोन फोटो एकमेकांना लावून रेघा पुढे चालू राहतात का बघायचं. पहिल्या वेळी सगळं झकास जुळलं, एक नंबरची खूण एक नंबरशी, दोनची दोनशी, मला वाटलं यात अवघड काय आहे.

आमच्यातले एक सीनियर आहेत, क्वालिटीत आयुष्य गेलेले, त्यांना दाखवलं तर ते म्हणाले, अरे तुला आधीच माहीत होतं ना कुठली कुणाची, मग तू जुळवलंस की आठवलंस? आणि त्यांनी माझ्या मागे त्याच पाच स्क्रू ड्रायव्हरनी दहा खुणा केल्या, पत्र्याचे तुकडे कापले, मागे आपल्या मनाने आकडे टाकले आणि यादी खिशात ठेवली. आता जुळव म्हणाले.

मी तीन संध्याकाळी घालवल्या. आणि एक जोडी चुकलो. दोन वेगळ्या स्क्रू ड्रायव्हरच्या खुणा मी एकाच्या म्हणून सांगितल्या, आणि साध्या चुकून नाही, मला खात्री होती, पाच ठळक रेघा बरोब्बर एकासमोर एक येत होत्या. यादी उघडल्यावर मला खरंच वाईट वाटलं कारण ही चूक करून मी कुणाला तरी तुरुंगात घातलं असतं.

मग मी दोन्ही टोकंच मायक्रोस्कोपखाली घेतली. दोन्हींच्या चपट्या तोंडावर त्याच जागी तेच पाच कणे होते, उभे, थेट धारेपर्यंत आलेले. म्हणजे टोकांना आकार देणाऱ्या डायवर (कडक साच्यावर) किंवा कटरवर काहीतरी होतं आणि ते त्या लॉटमधल्या कितीतरी टोकांवर उतरलं होतं. बारीक रेघा मात्र दोन्हींत वेगळ्या होत्या, मी ठळक रेघांच्या नादात त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

या प्रकाराला या शास्त्रात नाव आहे, सबक्लास. क्लास म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या हत्यारांत सारखं असतं ते, पात्याची रुंदी, दातांची संख्या, आकार. इंडिव्हिज्युअल म्हणजे त्या एकाच हत्याराचं, योगायोगाने आलेलं. आणि या दोघांच्या मध्ये ही फसवी जात, थोड्या काळासाठी एकाच डायमधून किंवा एकाच कटरखालून गेलेल्या हत्यारांत सारखी येणारी खूण. ब्रोचिंग (दातेरी टूल ओढून कापणं), फोर्जिंग (ठोकून किंवा दाबून घडवणं), कास्टिंग (साच्यात ओतणं), जिथे जिथे बनवणारं टूल कडक आणि हळू झिजणारं आहे तिथे तिथे हा धोका आहे. ग्राइंडिंगमध्ये तो कमी, कारण व्हील सतत बदलत असतं. हे ओळखायचा उपाय एकच, नुसत्या खुणा बघून थांबायचं नाही, हत्याराचं तोंड बघायचं आणि विचारायचं की ही धार कशी बनली, रेघा कुठल्या दिशेने धावतायत, त्या धारेला येऊन मिळतात का, वापराने त्यांच्यावर काही नवं पडलंय का. मशीनशॉपमधल्या माणसाला हे प्रश्न आपोआप पडायला हवेत आणि तरी मला पडले नाहीत कारण समोर पाच रेघा जुळत होत्या आणि जुळलेल्या रेघा डोळ्यांना फार गोड लागतात.

मग किती जुळलं म्हणजे पुरे? हा या शास्त्रातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुखरा प्रश्न. आल्फ्रेड बियासोट्टी नावाच्या तज्ज्ञाने १९५० च्या दशकात २४ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घेऊन रेघा चक्क मोजल्या. वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांमध्येही १५ ते २० टक्के रेघा जुळतातच असं त्याला दिसलं, नुसत्या योगायोगाने, शेकडो रेघांपुढे शेकडो रेघा ठेवल्या की काही समोरासमोर येणारच. पण लागोपाठ, मध्ये एकही न चुकता जुळणाऱ्या रेघांचे गट बघितले तर चित्र बदलत होतं, वेगळ्या हत्यारांत असे लांब गट येतच नव्हते. त्यावरून पुढे १९९७ मध्ये त्याने आणि जॉन मर्डॉकने निकष मांडला, खोली असलेल्या खुणांत लागोपाठ तीन-तीन रेघांचे किमान दोन गट किंवा सलग सहा रेघांचा एक गट, आणि खोली नसलेल्या पुसट खुणांत पाच-पाचचे दोन किंवा आठचा एक. त्याच निकषात अट अशी की सबक्लास आधी बाजूला काढलेलं असलं पाहिजे. माझ्या पाच रेघा या अटीवरच पडल्या असत्या.

पण सगळे तज्ज्ञ रेघा मोजत नाहीत. हत्यारं आणि बंदुकांच्या खुणा तपासणाऱ्यांची १९६९ साली स्थापन झालेली एएफटीई नावाची संघटना आहे, तिची १९९२ ची व्याख्या सांगते की पुरेसं साम्य असेल तर खूण त्या हत्याराची म्हणता येते, आणि पुरेसं म्हणजे वेगळ्या हत्यारांत आजवर दिसलेल्या सगळ्यात जास्त साम्यापेक्षा जास्त. म्हणजे तज्ज्ञाने आजवर काय काय बघितलंय त्यावर ते अवलंबून. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालाने यावर बोट ठेवलं आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार वैज्ञानिकांच्या मंडळाने तर ही व्याख्या स्वतःभोवतीच फिरते असं स्पष्ट म्हटलं.

त्याच २०१६ च्या अहवालातलं एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. एम्स लॅबोरेटरीने २१८ तज्ज्ञांना पिस्तुलाच्या काडतुसांच्या पुंगळ्या दिल्या होत्या, त्यातल्या वेगवेगळ्या पिस्तुलांच्या २,१७८ जोड्यांपैकी २२ जोड्या तज्ज्ञांनी चुकून एकाच पिस्तुलाच्या म्हटल्या. सुमारे एक टक्का, छान वाटतं. पण ७३५ जोड्यांवर त्यांनी काहीच ठरवता येत नाही असं उत्तर दिलं होतं, त्या बाजूला काढून फक्त ठाम उत्तरं मोजली तर ६६ मध्ये एक चूक. आकडा एकच, मोजायची रीत वेगळी. आणि हे पुंगळ्यांचं झालं, तिथे पिस्तूल दर वेळी जवळपास तशीच खूण करतं, कटावणी धरणाऱ्या हाताचं तसं नसतं.

जास्त ठामपणाने काय होतं याचं उदाहरण फ्लोरिडात आहे. १९८३ च्या एका खुनात मृताच्या बरगडीच्या कूर्चेवर सुरीची खूण होती आणि तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं की ती याच सुरीची, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सुरीची नाही. त्या केसमध्ये फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने तिसऱ्यांदा, २००१ मध्ये, शिक्षा रद्द केली आणि म्हटलं की इतक्या ठाम दाव्यामागे तपासून घेतलेलं शास्त्र दाखवलेलंच नाही. जगातल्या सगळ्या सुऱ्या कुणी बघितल्यात? मला अशा साक्षीचा राग येतो कारण त्याने चांगल्या कामाचीही पत जाते, कोहलरने लाटा मोजल्या, मिल्स शोधल्या, कोर्टात रंधा मारून दाखवला, आणि हे लोक आमचा अनुभव सांगतो म्हणून मोकळे.

तारेचं उदाहरण सांगायलाच हवं कारण ते मला स्वतःला सुचलं नसतं. कापलेल्या तारेचं तोंड दीड मिलिमीटरचं आणि पकडीचं पातं पंधरा मिलिमीटरचं समजा. तार पात्यावर नेमकी कुठे धरली होती माहीत नाही, म्हणून तज्ज्ञ पूर्ण पात्याने शिशाचा पत्रा कापतो आणि तारेवरच्या रेघा त्यावर सरकवत सरकवत जुळणारी जागा शोधतो. एकमेकींवर न येणाऱ्या जागा धरल्या तरी दहा, पाती दोन, प्रत्येकाच्या बाजू दोन, म्हणजे चाळीस तुलना झाल्या आणि कोर्टात सांगितलं जातं की एक तुलना केली, जुळली. एका तुलनेत चुकून जुळण्याची शक्यता एक टक्का धरली तर चाळीसमध्ये कुठेतरी एकदा चुकून जुळण्याची शक्यता तेहतीस टक्के होते, कॅल्क्युलेटरवर करून बघा. प्रत्यक्षात सरकवणं केसाकेसाने असतं त्यामुळे तुलना याहून कितीतरी जास्त. २०२४ मध्ये सुझन व्हँडरप्लास, अलिसिया कॅरिकिरी आणि हाइक हॉफमन या तिघींनी नेमका हाच लपलेल्या तुलनांचा मुद्दा मांडला. त्यांचं सांगणं साधं आहे, पात्याची लांबी किती, तारेची जाडी किती, किती जागा बघितल्या हे रिपोर्टमध्ये लिहा. आम्ही इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये किती पीस तपासले ते लिहितो की, मग इथे का नको?

आता थ्री-डी स्कॅनरने रेघांची खोली मोजतात आणि कॉम्प्युटर दोन आलेख किती जुळतात याचा आकडा देतो. मला ही दिशा बरोबर वाटते, निदान आकडा समोर येतो आणि दुसरा माणूस तो तपासू शकतो. पण सबक्लासचे पाच कणे स्कॅनरलाही पाच कणेच दिसणार, ते डायमधून आले की वापरातून हे त्याला कुणीतरी टोक बघूनच सांगावं लागेल.

त्या सीनियरनी मागच्या महिन्यात मला पुन्हा दहा खुणा दिल्या, या वेळी दुसऱ्या खोक्यातले सहा स्क्रू ड्रायव्हर, त्यातले दोन वापरून गुळगुळीत झालेले, आणि टोकंही सोबत दिली. मी आधी टोकं बघितली, कुठल्या रेघा बनवतानाच्या आणि कुठल्या नंतरच्या हे प्रत्येकाच्या नावाने वहीत लिहिलं, आणि मगच खुणा हातात घेतल्या. आठ खुणा लागल्या, यादीशी ताडून बघितल्या, बरोबर निघाल्या. चार नंबर आणि नऊ नंबरच्या खुणा त्या गुळगुळीत टोकांपैकी एकाच्या असाव्यात असं वाटत होतं पण लागोपाठ तीन रेघांचा एकच गट मिळत होता, दुसरा कितीही शोधला तरी नाही. त्यांच्यापुढे मी ठरवता येत नाही असं लिहिलं. यादीत त्या कुणाच्या आहेत ते अजून विचारलेलं नाही, आधी कोन बदलून त्या दोन टोकांच्या आणखी खुणा करून बघायच्यात.